ब्रिटिश खासदारांना खुले पत्र: कॉकफिल्ड तुमचाच माणूस होता

प्रति,
ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांतील सन्माननीय सदस्य,
वेस्टमिन्स्टर, लंडन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

या पत्राचा इंग्रजी मजकूर मी माझ्या मतदारसंघाच्या खासदारांकडे पाठवला आहे. तरीही मराठीत जाहीरपणे लिहिते आहे, कारण हा विषय इथल्या मराठी घरांचाही आहे. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांनाही इथे संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, युरोपीय महासंघात राहायचं की बाहेर पडायचं यावरच्या २०१६ च्या सार्वमतातही देता आलं. उलट गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला येऊन राहिलेल्यांचं सगळं आयुष्यच त्या निकालावर टांगलेलं होतं, पण त्यांना मतपत्रिका मिळाली नाही. तेव्हा ज्यांना मत होतं त्यांनी तरी बोललं पाहिजे.

निमित्त तुमच्याच एका वाक्याचं आहे. सिंगल मार्केटमध्ये (सदस्य देशांत माल बिनअडथळा फिरू देणाऱ्या युरोपच्या एकल बाजारपेठेत) परत जाणार नाही, कस्टम्स युनियनमध्ये (आपसात शुल्क नाही आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांचं शुल्क एकच, अशा व्यवस्थेत) जाणार नाही, माणसांचा मुक्त संचार परत आणणार नाही, असं मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात लिहिलं. त्याआधी हुजूर पक्ष तेच म्हणत होता. मे २०२५ मध्ये लंडनला युरोपीय महासंघाबरोबर शिखर बैठक झाली, खाण्यापिण्याच्या मालावरच्या तपासण्या कमी करायचं तत्त्वतः ठरलं, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण त्यानंतरही हे वाक्य तसंच म्हटलं जातं, आणि म्हणताना सिंगल मार्केट म्हणजे ब्रसेल्समधल्या परक्या लोकांनी या देशाच्या गळ्यात मारलेली वस्तू, असा सूर असतो. तो सूर मला गप्प बसून ऐकवत नाही. ती बाजारपेठ कागदावर उतरवणारा माणूस ब्रिटिश होता, हुजूर पक्षाचा होता आणि मार्गारेट थॅचर यांनी स्वतः निवडून पाठवलेला होता. जून २०२५ मध्ये त्याच्या श्वेतपत्रिकेला ४० वर्षं झाली. माझ्या कानावर तरी तुमच्यापैकी कोणाच्या तोंडून त्याचं नाव आलं नाही.

त्याचं नाव आर्थर कॉकफिल्ड.

सप्टेंबर १९१६ मध्ये ससेक्समधल्या हॉर्शमला त्यांचा जन्म झाला. वडील महिनाभर आधीच पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत मारले गेले होते. म्हणजे युरोपातले देश एकमेकांच्या उरावर बसले होते म्हणून या मुलाला बाप पाहायला मिळाला नाही, आणि त्याच देशांमधले नाके पुढे त्याच्या हातून उठले. हा धागा मी जोडते आहे, पण मला तो फार मोठा वाटतो. त्यांचं शिक्षण झालं डोव्हरच्या शाळेत, फ्रान्सला जाणाऱ्या बोटी जिथून सुटतात त्या गावात. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आमच्या बाबासाहेबांची संस्था. १९३८ साली कर खात्यात नोकरीला लागले आणि तिथल्या आकडेवारी विभागाचे संचालक झाले. तिथून बूट्स या औषधांच्या दुकानांच्या कंपनीत गेले, १९६१ ते १९६७ तिचे अध्यक्ष होते. त्यानंतर चॅन्सेलरचे, म्हणजे अर्थमंत्र्यांचे, कर सल्लागार, मग किंमत आयोगाचे अध्यक्ष. १९७८ मध्ये उमराव झाले तेव्हा त्यांनी नाव घेतलं ‘बॅरन कॉकफिल्ड ऑफ डोव्हर’. कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, ते कधीच बसले नाहीत. थॅचर यांच्या सरकारात ट्रेझरीचे, म्हणजे अर्थखात्याचे, राज्यमंत्री, मग व्यापारमंत्री. भाषणबाजी करून टाळ्या घेणाऱ्यातला हा माणूस नव्हता. कराची कलमं, तक्ते आणि तारखा यांत त्यांचा जीव रमायचा. मला स्वतःला असे लोक राजकारणात जास्त हवेत असं वाटतं.

१९८४ मध्ये थॅचरबाईंनी त्यांना युरोपीय आयोगात, म्हणजे सदस्य देशांच्या सामाईक कार्यकारी मंडळात, पाठवायचं ठरवलं. त्या वेळचा युरोप कसा होता हे आज विसरायला झालं आहे. मूळच्या सहा सदस्य देशांमधली आयातशुल्कं १९६८ मध्येच संपली होती, पण कागद संपले नव्हते. फेब्रुवारी १९८४ मध्ये आल्प्सच्या सीमेवर कस्टम्सच्या कर्मचाऱ्यांनी नियमावर बोट ठेवून काम सुरू केलं आणि अडकून पडलेल्या लॉरीवाल्यांनी चिडून रस्तेच अडवले. प्रत्येक देशाची मानकं वेगळी, कर वेगळे, फॉर्म वेगळे.

जानेवारी १९८५ मध्ये नवे अध्यक्ष जॅक देलोर यांच्या आयोगाने सूत्रं घेतली. कॉकफिल्ड उपाध्यक्ष झाले आणि जूनमध्ये, सहा महिन्यांच्या आत, त्यांची श्वेतपत्रिका मिलानच्या शिखर परिषदेपुढे होती. जवळजवळ ३०० उपाय, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या साली पुरा करायचा ते लिहिलेलं. अडथळे त्यांनी तीन प्रकारचे धरले: सीमेवरचे, तांत्रिक आणि करांचे. सगळ्याला मुदत एकच, १९९२ ची अखेर.

यातली तांत्रिक अडथळ्यांची गोष्ट जरा थांबून सांगते, कारण खाद्यपदार्थ विकणाऱ्या माझ्यासारखीचं पोट तिच्यावर आहे. फ्रान्समधलं काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या बेरीचं एक मद्य, कासी द दिजाँ, जर्मनीत विकू देत नव्हते. कारण काय, तर त्यात मद्यार्क कमी, जर्मन नियमात बसत नाही. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की एका सदस्य देशात जो माल कायदेशीरपणे बनतो आणि विकला जातो, तो सबळ कारणाशिवाय दुसऱ्याने अडवायचा नाही. कॉकफिल्ड यांनी हे सूत्र उचललं. बारा देशांची बिस्किटं सारखी करत बसायचं नाही. आरोग्य आणि सुरक्षितता यांचे किमान नियम एकत्र ठरवायचे आणि बाकी एकमेकांवर विश्वास ठेवायचा. इतकी साधी, व्यवहारी गोष्ट होती ती.

ती अमलात यावी म्हणून ‘एकल युरोपीय कायदा’ या नावाचा करार झाला, त्यात एकमताऐवजी बहुमताने निर्णय घ्यायची सोय आली. त्या करारावर फेब्रुवारी १९८६ मध्ये ब्रिटनने सही केली आणि त्याच वर्षी तुमच्याच संसदेने तो मंजूर केला. हुजूर पक्षाचं बहुमत होतं, थॅचरबाई पंतप्रधान होत्या. १९८८ च्या जानेवारीपासून सुमारे ७० वेगवेगळ्या कस्टम्स फॉर्मच्या जागी एकच फॉर्म आला. १ जानेवारी १९९३ ला सदस्य देशांमधल्या मालासाठी तोही गेला.

एप्रिल १९८८ मध्ये लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात थॅचरबाईंनी ब्रिटिश उद्योजकांना सांगितलं होतं की दिसणारे आणि न दिसणारे अडथळे नसलेली, ३० कोटींहून अधिक लोकांची बाजारपेठ तुमच्यासाठी उघडते आहे. सिंगल मार्केटची इतकी जोरदार जाहिरात त्यानंतर इथल्या कुठल्याही पंतप्रधानाने केलेली मला माहीत नाही. आणि त्याच वर्षी त्यांनी कॉकफिल्ड यांना दुसरी मुदत नाकारली. वाद मुख्यतः व्हॅटचा होता. सगळ्या देशांचे दर दोन पट्ट्यांत आणायचे असं कॉकफिल्ड म्हणत होते. तसं झालं असतं तर अन्नधान्यावर आणि मुलांच्या कपड्यांवर ब्रिटनमध्ये जो शून्य कर आहे तो गेला असता. इथे मला थॅचरबाईंचं म्हणणं पटतं. डाळ-पिठावर कर नसणं ही गरीब घराची सोय आहे, ती टिकली हे चांगलंच झालं. पण एका मुद्द्यावर मतभेद झाला म्हणून माणूसच परका ठरवायचा? पुढे आपल्या आठवणींत थॅचरबाईंनी लिहिलं की जुना मित्र तिकडचाच होऊन गेला. कॉकफिल्ड यांच्या जागी लिऑन ब्रिटन गेले. जानेवारी २००७ मध्ये कॉकफिल्ड नव्वदाव्या वर्षी वारले. त्यानंतर साडेनऊ वर्षांतच सार्वमत आलं.

आता माझा संबंध सांगते. मी लेस्टरमध्ये राहते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू बनवून विकते. हाताखाली मोजक्या बायका आहेत, दिवाळीच्या आधी त्या वाढतात. माझी बरीच गिऱ्हाइकं समुद्रापलीकडची होती: आम्स्टलव्हेन, आइंडहोव्हेन, फ्रँकफर्ट, म्युनिक, जिथे जिथे मराठी मुलं नोकरीला गेली तिथली. २०२० संपेपर्यंत खोक्यावर पत्ता चिकटवला की माझं काम संपत होतं. जर्मनीला पाठवणं आणि बर्मिंगहॅमला पाठवणं यात कागदाचा फरक नव्हता.

१ जानेवारी २०२१ पासून, म्हणजे ब्रिटन सिंगल मार्केटबाहेर पडल्यापासून, काय झालं ते एका मेतकुटाच्या पाकिटावरून सांगते. पाठवायच्या आधी त्याला वस्तूचा कोड द्यावा लागतो. मेतकूट मसाल्यात धरायचं, पिठात धरायचं की ‘इतर खाद्यपदार्थ’ म्हणायचं? कोड बदलला की शुल्क बदलतं. मग माल मूळचा कुठला ते लिहायचं. ब्रिटन आणि महासंघ यांच्यातल्या व्यापार करारानुसार शुल्क माफ आहे, पण ते ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला. डाळ भारतातली, हळद सांगलीची, मिरची ब्याडगी, आणि भाजणं-दळणं लेस्टरचं. तर हा माल ब्रिटिश ठरतो का? प्रत्येक घटकाचा नियम वेगळा पाहावा लागतो. बेसनाच्या लाडवात तूप आहे, म्हणजे प्राणिजन्य घटक आला, त्याचं जाहीरपत्र वेगळं. पलीकडे गिऱ्हाइकाच्या दारात कुरिअरवाला कर आणि हाताळणीचे पैसे मागतो. एका ताईंनी मला कळवलं की लाडवांच्या किमतीपेक्षा ते पैसे जास्त झाले, तेव्हा पार्सल परत पाठवते आहे, राग मानू नका. मी राग कसला मानणार? परत आलेल्या खोक्यात लाडवांचा भुगा झाला होता. पुढच्या दिवाळीला मी युरोपच्या ऑर्डरी घेणं बंद केलं.

मराठी वाचकांना हे समजायला जकात नाका आठवला तरी पुरे. माझे वडील सांगलीहून हळदीची पोती घेऊन मुंबईला ट्रक नेत. घाट उतरून आलेली गाडी मानखुर्दच्या नाक्यावर अडकायची. पावती फाडल्याशिवाय आत नाही, आणि पावती फाडायला तासन्‌तास रांग. ड्रायव्हर गाडीखालीच पथारी टाकायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. जीएसटीबद्दल व्यापाऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण नाका परत बसवा असं म्हणणारा एकही ट्रकवाला मला भेटलेला नाही. कॉकफिल्ड यांनी बारा देशांचे नाके उठवले. तुम्ही ते डोव्हरला परत बसवलेत, ज्या गावाचं नाव त्यांनी आपल्या पदवीत घेतलं त्या गावात.

माझ्या तक्रारी आता सरळ मांडते.

पहिली. तुम्ही या देशाला त्याचाच इतिहास सांगत नाही. रॉय जेंकिन्स १९७७ ते १९८१ युरोपीय आयोगाचे अध्यक्ष होते, त्या खुर्चीवर बसलेले एकमेव ब्रिटिश. हेन्री प्लम १९८७ ते १९८९ युरोपीय संसदेचे अध्यक्ष होते. कॅथरीन अॅश्टन २००९ मध्ये महासंघाच्या परराष्ट्र धोरणाच्या प्रमुख झाल्या. ही माणसं तिथे पाहुणी म्हणून गेली नव्हती, त्यांनी ते घर बांधलं. युरोपात जे काही झालं ते आपल्यावर लादलं गेलं, असं पिढ्यानपिढ्या सांगितल्यावर मतदार दुसरा कौल कसा देणार? या चुकीच्या समजुतीला मजूर पक्षही जबाबदार आहे, हुजूर पक्ष तर आहेच. कॉकफिल्ड आपल्या पक्षाचे होते हे हुजूर पक्षाला अडचणीचं वाटतं आणि मजूर पक्षाला ते आपले वाटत नाहीत. मग नाव घ्यायचं कोणी?

दुसरी. सार्वमताच्या मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: महासंघात राहायचं की बाहेर पडायचं. सिंगल मार्केट सोडायचं का, असं कोणी विचारलं नव्हतं. नॉर्वे महासंघात नाही, पण सिंगल मार्केटमध्ये आहे. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, तो मी मानते. तो देणाऱ्यांमध्ये माझे शेजारी आहेत, त्यांची कारणं मी ऐकली आहेत आणि त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांशी मी भांडले आहे. पण त्या कौलाचा सगळ्यात टोकाचा अर्थ लावायचं तुम्ही ठरवलंत. लोकांनी ठरवलं नाही.

तिसरी. खोटा दिलासा दिला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी नॉर्दर्न आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना सांगितलं होतं की कोणी फॉर्म भरायला सांगितला तर मला फोन करा, मी तो कचऱ्यात टाकायला सांगेन. फॉर्म आले. आणि आज परिस्थिती अशी आहे की मालाच्या बाबतीत बेलफास्ट अजून सिंगल मार्केटमध्ये आहे, लेस्टर नाही. तिथल्या माझ्यासारख्या बाईला डब्लिनला लाडू पाठवायला जो कागद लागत नाही, तो मला लागतो. एका देशाच्या दोन व्यापाऱ्यांना दोन नियम कशासाठी, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

चौथी. भार लहानांवर पडला. मोठ्या कंपन्यांकडे कस्टम्सचा स्वतंत्र विभाग असतो, वकील असतात, हॉलंडमध्ये गोदाम घ्यायला पैसे असतात. मी कागद भरते त्या वेळात चुलीपुढे कोणी नसतं. तुमच्याच अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा, म्हणजे ओबीआरचा, अंदाज आहे की महासंघात राहिलो असतो त्या तुलनेत दीर्घकाळात आयात-निर्यात १५ टक्क्यांनी आणि उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. हा आकडा तुमच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडून आहे. त्यावर चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, कारण चर्चा सुरू झाली की सार्वमताचा अपमान झाला अशी ओरड होते.

मुक्त संचाराबद्दल मी इथे लांबण लावत नाही. तो प्रश्न नाजूक आहे आणि ज्या गावांत अचानक माणसं वाढली, तिथल्या शाळा-दवाखान्यांवर ताण आला हे मी पाहिलं आहे. पण मालाच्या खोक्याला दवाखाना लागत नाही. निदान माल तरी मोकळा करा.

माझ्या मागण्या चार आहेत.

सभागृहात उभं राहून, नोंद होईल अशा रीतीने सांगा की सिंगल मार्केटचा आराखडा ब्रिटिश आयुक्त लॉर्ड कॉकफिल्ड यांनी तयार केला आणि या संसदेने तो स्वीकारला. शाळांच्या इतिहासात तेवढा एक धडा येऊ द्या. त्याला पैसा लागत नाही.

खाद्यपदार्थांच्या तपासण्यांबाबतचा करार लवकर पुरा करा आणि करताना घरगुती, लहान उत्पादकांना समोर बसवून घ्या. तूप, दूध, अंडं असलेल्या मिश्र पदार्थांचे नियम आम्हाला समजतील अशा भाषेत छापा. वस्तूचा कोड आणि मूळ देश ठरवून देणारी फुकट मदत लहान व्यापाऱ्यांना मिळू द्या, आणि एकदा दिलेला सल्ला पलीकडेही मान्य होईल अशी व्यवस्था करा.

कस्टम्स युनियनमध्ये असण्याचा आणि नसण्याचा खर्च, सिंगल मार्केटमध्ये असण्याचा आणि नसण्याचा खर्च, सरकारने स्वतः मोजून एकाच अहवालात प्रसिद्ध करावा. त्यात लहान निर्यातदारांचा हिशेब वेगळा दाखवावा. कॉकफिल्ड यांनी प्रत्येक उपायापुढे साल लिहिलं होतं, तुम्हीही तारीख जाहीर करा.

आणि तो अहवाल आल्यावर त्यावर पक्षादेश न काढता मतदान घ्या. जे खासदार खासगीत मला सांगतात की तुमचं म्हणणं बरोबर आहे पण उघड बोलता येत नाही, त्यांना तेवढी मोकळीक द्या.

उत्तराची वाट पाहते आहे. लेखी मिळालं तर मराठीत भाषांतर करून इथल्या सगळ्यांना वाचायला देईन.

आपली नम्र,
लेस्टरमधली एक मराठी व्यावसायिक व मतदार